झाकणबाई आणि दोन देणारे

आमच्या धाकट्या सुनेला तिच्या कचेरीत सगळे झाकणबाई म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. पण तिला स्वतःला ते नाव इतकं आवडतं की मीही आता घरी तेच वापरतो, आणि ती "काय बाबा" म्हणून ओ देते.

नाव कसं पडलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती एका त्रैमासिकाची व्यवस्थापक आहे. त्रैमासिक म्हटलं की गोष्टी-कविता डोळ्यांपुढे येतात, पण हे तसलं नाही. हे गोगलगायींचं त्रैमासिक आहे. गोगलगायी, शिंपले, पाण्यातले नि दगडाखालचे सगळे मऊ अंगाचे जीव, यांच्याबद्दल विद्वान लोक जे शोधून काढतात ते त्यात छापून येतं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी विचारलं होतं, की दर तीन महिन्यांनी नवीन सांगण्यासारखं गोगलगायीच्या आयुष्यात घडतं तरी काय? ती म्हणाली, "बाबा, सायकलीबद्दल तुम्ही रोज नवीन सांगता की." मी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. त्यामुळे ही सून आपल्याला परवडणार एवढं मनाशी धरलं.

तर त्या त्रैमासिकाची एक पद्धत आहे. लेख आला की तो दोन जाणत्या माणसांकडे तपासायला जातो. त्यांना परीक्षक म्हणायचं. लेख कोणाचा आहे हे परीक्षकाला कळता कामा नये, नाहीतर ओळखीच्याला सूट नि नावडत्याला चोप असं व्हायचं. म्हणून लेखकाचं नाव, त्याची संस्था, शेवटी कोणाचे आभार मानले असतील तर तेसुद्धा, सगळ्यावर कागदाची पट्टी चिकटवायची. इतर ठिकाणी हे काम संगणकावर चुटकीसरशी होतं म्हणे. पण यांचे परीक्षक बहुतेक माझ्या वयाचे. त्यांना कागद हातात लागतो, आणि समासात लाल शाईनं काहीतरी खरडल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही. अंक निघाला की पट्ट्या सोडवून ती प्रत नावासकट कपाटात ठेवायची. दुकानातला डिंक त्याला चालत नाही, काढताना कागद फाटतो. त्याला पातळ खळ लागते, ओल्या बोळ्यानं सुटणारी. ती खळ मी शिजवतो. गावच्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकलो. त्यातलं गणित विसरलो, भूगोल बदलला, पण गुरुजींनी भिंतीवरचे तक्ते चिकटवायला शिकवलेली खळ मात्र अजून जशीच्या तशी उपयोगी पडते.

झाकण्याची तिची ही सवय घरातही शिरली. मी चहाच्या बाबतीत फार हट्टी होतो. एका ठरावीक दुकानाचीच पूड लागायची, दुसऱ्या पुडीचा चहा प्यायलो की डोकं दुखायचं. एके दिवशी तिनं दोन कप पुढे ठेवले, डब्यांवर फडकी टाकली आणि म्हणाली, सांगा. मी दोन्ही घोट घोट घेऊन, मान हलवून, ऐटीत एक कप उचलला. फडकं निघालं. तेव्हापासून मी चहाबद्दल बोलत नाही.

कचेरी म्हणजे चष्म्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिचं टेबल, एक करकरणारा पंखा आणि जुन्या अंकांची कपाटं. आतल्या खोलीत लांब टेबल आणि भिंतीला काचेच्या बाटल्यांत शंख-शिंपले. मी दुपारी तिचा डबा आणि खळीचं भांडं घेऊन जातो आणि मग बसतोच. घरी माझ्या त्याच त्याच गोष्टी ऐकून सगळे विटलेत. तिथे अजून नवीन माणसं येतात.

तिथे मुख्य माणसं दोन. एक हे त्रैमासिक काढणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक, उंच, खोकून बोलणारे. दुसऱ्या खजिनदारबाई, याही निवृत्त, ठेंगण्या, आणि खोकला संपायच्या आत उत्तर देणाऱ्या. दोघांनी मिळून हे त्रैमासिक लहानाचं मोठं केलं. एकदा खुद्द अध्यक्षांनी लेख लिहिला. झाकणबाईंनी त्यांच्याही नावावर पट्टी मारली आणि लेख परीक्षकांकडे धाडला. तो परत आला, वर शेरा, की लेखकाने आधी विषयाचा थोडा अभ्यास करावा. अध्यक्षांनी आठवडाभर कचेरीत पाय ठेवला नाही. मग आले, लेख सुधारून आणला, आणि सुनेला म्हणाले, "माझ्यावरसुद्धा झाकण टाकलंत, आता मला काळजी नाही." झाकणबाई हे नाव त्या दिवसाचं.

आता हे सगळं चालतं कशावर? गोगलगायीचा अंक काही रस्त्यावर खपत नाही. तो ज्याला हवा त्याला फुकट वाचायला मिळतो, ही संस्थेची पहिल्यापासूनची आन आहे. खर्च भागायचा तो सरकारी खात्याच्या अनुदानावर. अनुदान यायचं उशिरा, कधी कधी दोन अंक उलटून गेल्यावर. पण यायचं.

फुकट वाचायला मिळण्याचा अर्थ मला एका गुरांच्या डॉक्टरनं शिकवला. तो कुठल्याशा लांबच्या दवाखान्यातून आला होता, पायात चिखलाचे बूट तसेच. त्याच्याकडची गुरं खंगत होती. या त्रैमासिकातल्या एका लेखात त्यानं वाचलं, की ओढ्यातल्या अमुक एका बारक्या गोगलगायीत हा रोग करणारे कृमी वाढतात आणि तिथून गुरांच्या पोटात जातात. त्यानं गुरांचं पाणी बदललं आणि गुरं सावरली. तेवढं सांगायला तो माणूस आला, आतल्या खोलीतली ती गोगलगाय बाटलीत बघितली, "हीच ती बया" म्हणाला आणि गेला. झाकणबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदानं.

म्हणून पुढे जे झालं त्यात तिचा जीव का अडकला, ते समजेल.

झालं असं, की एकाच सुमारास दोन देणारे उभे राहिले. खात्यानं कळवलं की अनुदान पुढे चालू ठेवू, पण आता नव्या अटींवर. आणि एका मोठ्या प्रकाशन कंपनीनं कळवलं, की तुमचं त्रैमासिक आमच्याकडे द्या, सगळा खर्च आमचा. कंपनीचा माणूसही येऊन गेला. बोलायला गोड, बूट चकचकीत. त्याच्या कंपनीत अशी शेकडो त्रैमासिकं आहेत, विषय विचाराल तो. झाकणबाईंना पगार वाढवून मिळेल असंही तो सांगून गेला. तो गेल्यावर मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, माझं राहू दे, पण त्यांच्या दाराला कुलूप असलं तर तो चिखलाच्या बुटांचा डॉक्टर आत कसा येणार?

अध्यक्ष कंपनीच्या बाजूचे झाले. त्यांचं अर्धं आयुष्य खात्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून गेलं होतं. खजिनदारबाई सरकारच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं, सरकार उशिरा देतं पण विकत घेत नाही. आधी वाद झाला, मग कडाक्याचा वाद झाला, आणि मग दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं. समोरासमोर बसायचे आणि मध्ये झाकणबाई. "त्यांना सांगा, खिडकी लावा." "त्यांना सांगा, उजेड मलाही लागतो." मी आपला कोपऱ्यात बसून पंख्याकडे बघायचो. गंमत अशी, की दोघांनीही दोन्ही प्रस्ताव धड वाचले नव्हते. भांडायला वाचावं लागत नाही.

कोणाचे पैसे घ्यायचे ते ठरवायला संस्थेच्या समितीची बैठक जवळ येत होती. मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. कोणीही जिंकलं तरी दुसरा संस्था सोडणार हे उघड होतं, आणि ते दोघे नसतील तर त्रैमासिक मोडल्यातच जमा. झाकणबाई घरी आली की नुसती बसून राहायची. आमच्या धाकट्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला हसवायचा प्रयत्न करून पाहिला, मी एक जुनी गोष्ट लावून पाहिली. कशाचा उपयोग होईना.

एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज खळ जास्त लागेल."

पातेलंभर शिजवली. कचेरीत बघतो तर तिनं दोन्ही प्रस्ताव काढून ठेवलेले, आणि पट्ट्यांचा हा ढीग. खात्याचं नाव झाकलं, कंपनीचं झाकलं, शिक्के झाकले, पत्ते झाकले. मजकुरात जिथे जिथे कोणाचा उल्लेख होता तिथे पट्टी मारून वर लिहिलं, 'देणारा'. मग दोन्हींच्या प्रती काढून दोन संच केले. एक अध्यक्षांना, एक खजिनदारबाईंना. म्हणाली, लेखाला लावता तोच न्याय याला लावा. दोन्ही तपासा आणि शेरे लिहून द्या.

अध्यक्ष खोकले. म्हणाले, "अहो, हे ओळखू येणारच की."

"लेखही ओळखू येतात सर," ती म्हणाली, "तरी तुम्ही न ओळखल्यासारखे वाचता. म्हणून तर तुमच्याकडे पाठवते."

दोघांनी आपापला संच उचलला आणि घरी गेले.

आता यात एक भानगड होती, ती झाकणबाईंच्याही ध्यानात आली नव्हती. खात्यात कोणी नवीन, हुशार अधिकारी आल्या होत्या. त्यांनी प्रस्ताव अगदी गोडीत लिहिलेला, छोटी छोटी वाक्यं, भागीदारी काय, हातात हात काय. आणि कंपनीचा मसुदा तिच्या वकिलांनी केलेला, त्यामुळे त्यात सदरहू नि उपरोक्त यांची नुसती गर्दी. अध्यक्षांनी ते सदरहू पाहिलं आणि छातीठोकपणे ठरवलं, की हे सरकार. त्यात कलम होतं, की वाचणाऱ्यास शुल्क भरल्याखेरीज प्रवेश मिळणार नाही. अध्यक्षांनी समासात लिहिलं, 'आता वाचण्यावरही कर! हे अजिबात मान्य होण्यासारखे नाही.' पुढे होतं, की प्रत्येक अंकात किमान इतके लेख घ्यावेच लागतील. त्यावर शेरा, 'आकडा भरण्यासाठी लेख छापायचे, तर परीक्षक कशाला हवेत?' लाल शाईनं पान रंगवून टाकलं.

इकडे खजिनदारबाईंनी तो गोड प्रस्ताव हातात घेतला. हातात हात वाचल्याबरोबर त्यांची खात्री पटली, की हे चकचकीत बुटांचंच काम. त्यात लिहिलेलं, की लेख निवडणाऱ्या समितीत देणाऱ्याचा एक प्रतिनिधी बसेल. बाईंनी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. 'पैसा देणाऱ्याने निवडीच्या खोलीबाहेर थांबावे. हे कलम काढल्याशिवाय पुढे वाचण्याची गरज नाही.' आणि तरी पुढचंही सगळं वाचून त्यावर शेरे मारले.

दोघांचे संच एकाच दिवशी परत आले. बैठक दुसऱ्या दिवशी होती.

आतल्या खोलीत सगळे जमले. कोपऱ्यातली माझी खुर्ची कोणी हलवली नाही. झाकणबाईंनी आधी दोघांचे शेरे वाचून दाखवले. ऐकताना दोघंही खुशीत. मग तिनं वाटीतलं पाणी घेतलं, मूळ प्रस्तावांवर बोळा फिरवला आणि एकेक पट्टी सोडवली. सदरहूखालून कंपनी निघाली. हातात हात होते ते सरकारचे.

ज्याला डोक्यावर घेतलं त्यालाच दोघांनी सोलून काढलं होतं, तेही स्वतःच्या अक्षरात. पहिल्यांदा अध्यक्ष खोकले. तो खोकला पुढे जाऊन हसणं झाला. त्यांनी झाकणबाईंकडे बघितलं नाही, सरळ खजिनदारबाईंकडे वळले आणि म्हणाले, "बाई, तुमचे शेरे फार छान आहेत."

"तुमचेही काही वाईट नाहीत," त्या म्हणाल्या. "खिडकी उघडू का?"

मला तिथेच बरं वाटलं. पुढच्या गोष्टी मग भराभर ठरल्या. दोन्हीकडच्या जाचक अटी नकोत, यावर सगळ्यांचं एकमत. आता दोन्ही देणाऱ्यांना अगदी जपून, गोंजारून लिहायचं. कोणी दुखावता कामा नये, नाहीतर हातचं दोन्ही जाईल. अध्यक्ष स्वतः मसुदा करणार होते.

झाकणबाईंचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "सर, उत्तर गेलंय."

कपाळाला हात लावायची वेळ होती. तिथली पद्धतच अशी, की परीक्षकांचे शेरे आले की त्याच दिवशी त्यांची स्वच्छ प्रत करायची, सोबत छापील चिठ्ठी लावायची आणि पाकीट लेखकाला धाडायचं. एवढी वर्षं हात तेच करत आलेले. काल शेरे आले, आणि हातांनी आपलं काम केलं. ती छापील चिठ्ठी मला पाठ आहे. 'आपले लेखन रोचक आहे, परंतु सध्याच्या स्वरूपात स्वीकारता येत नाही. सोबतच्या सूचनांनुसार सुधारणा करून ते पुन्हा पाठवावे.' एक पाकीट सरकारी खात्याला, एक कंपनीला. पेटीत टाकायला नेहमीप्रमाणे मीच गेलो होतो.

खजिनदारबाई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे आपण सरकारला नापास केलं."

"आणि कंपनीलाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांना हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रागावलं कोणीच नाही, त्याचाच तिला जास्त त्रास झाला. दाराशी पावलं वाजली की ती हातातलं काम टाकून दाराकडे बघायची. जे वाचवायला पट्ट्या लावल्या तेच आपल्या हातानं बुडवलं, असं तिनं मनाला लावून घेतलं. मी म्हटलं, अगं, चाक सरळ करताना तार तुटते कधी कधी, म्हणून कोणी सायकल फेकून देतं का? ती म्हणाली, बाबा, ही तार नव्हे, चाकच गेलं.

कंपनीचा माणूस आधी आला. पत्र नाही, फोन नाही, स्वतः जिना चढून आला. तो खुर्चीत टेकला, खिशातून ती चिठ्ठी काढली आणि हसायलाच लागला. म्हणाला, इतकी वर्षं हे काम करतोय, लोक हो म्हणतात नाहीतर नाही म्हणतात. सुधारून पुन्हा या, असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं शेरे वरच्यांना दाखवले होते. शुल्काची अट त्यांना काढता येणार नव्हती, सगळा कारभारच त्यावर उभा. "तुमचं बरोबर आहे नि आमचंही," तो म्हणाला, "पण एका ताटात बसायचं नाही." मी दिलेला चहा प्यायला, शंख बघितले, आणि हसत हसत गेला. माणूस चांगला होता. मला उगाच त्याच्या बुटांवर राग होता.

राहिलं सरकार. तिकडून काही हालचाल नाही. अध्यक्ष म्हणाले, खात्याचं गप्प बसणं मी ओळखतो, हे बऱ्याच प्रकारचं असतं. खजिनदारबाईंनी यावर वाद घातला नाही, यावरून समजा.

आणि मग एका दुपारी, मी डबा उघडून ठेवतोय तोच, त्या नवीन अधिकारी बाई दारात. तरुण, काखेत जाडजूड फाईल, जिना चढून दमलेल्या. झाकणबाई ताडकन उठली आणि माफी मागायला लागली. बाई म्हणाल्या, "अहो, माफी काय मागता? अनुपालन घेऊन आलेय."

अनुपालन म्हणजे काय ते मला मागाहून कळलं. खात्यात कागदावर शेरा आला की तो कोणी मारला हे बघत नाहीत. शेऱ्याला उत्तर द्यावं लागतं, मुद्द्याला मुद्दा, नाहीतर फाईल बंद होत नाही. आमच्या सुनेचं पाकीट तिथे पोचलं, त्यावर क्रमांक पडला, आणि ते टेबलामागून टेबल फिरत राहिलं, कारण शेऱ्याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. निवड समितीत प्रतिनिधी का बसवायचा, असं विचारल्यावर शोध झाला. तर निघालं काय, ते कलम मत्स्यबीज वाटपाच्या योजनेतून उचलून आणलेलं. तिथे मासे मोजायला माणूस लागायचा. इथे त्यानं काय मोजायचं, ते कोणाला सांगता येईना. म्हणून कलम काढून टाकलं. बाकीच्या शेऱ्यांचंही तसंच. अनुदान चालू, अंक सगळ्यांना फुकट, आणि लेख निवडण्यात खात्याचा हात नाही. अधिकारी बाईंनी सुधारलेला प्रस्ताव टेबलावर ठेवला आणि जरा भीत भीतच विचारलं, "आता चालेल ना?"

आमच्या झाकणबाईंनी तो सगळा वाचला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटच्या पानावर आली, खुर्चीत मागे टेकली आणि डोळे मिटून तिनं एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरच्या सुट्या पट्ट्या उडाल्या. माझाही जीव भांड्यात पडला. मग ती उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "सर, बाई, दोघंही या. लेख सुधारून आलाय."

त्या दिवशी डबा पाच जणांनी मिळून खाल्ला. तो एकटीपुरता होता, त्यामुळे घास घासच आले, पण कोणाची तक्रार नव्हती. अध्यक्षांनी अधिकारी बाईंना व्हरांड्यातल्या बाकाची सगळी हकीकत ऐकवली आणि त्यांनी ती ऐकून घेतली. मला माझी एकही गोष्ट सांगायला जागा मिळाली नाही, तरी मी खूश होतो.

संध्याकाळी निघताना झाकणबाईंनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. मी वर बघितलं तर पत्ता खात्याचा. मी घाबरून विचारलं, आता काय धाडतेस बाई? तिनं दाखवलं. छापील चिठ्ठी होती, दुसरी. 'आपले लेखन स्वीकारण्यात येत आहे. अंक प्रसिद्ध झाल्यावर दोन प्रती आपल्याला पाठवण्यात येतील.' म्हणाली, स्वीकारलं की ही जाते, पद्धत आहे. या वेळी हात नव्हे, ती स्वतः हसून धाडत होती.

अनुदान अजूनही उशिराच येतं. पण परवा मी खळ घेऊन गेलो तर फोन वाजत होता. अधिकारी बाई होत्या. अंक का रखडलाय, असं विचारतील म्हणून झाकणबाई सावरून बसली. बाई म्हणाल्या, त्यांच्या कचेरीत आजवर कोणाचंच लेखन कुठे स्वीकारलं गेलं नव्हतं. चिठ्ठी सगळ्यांनी वाचली, आणि आता सगळे विचारतायत, त्या दोन प्रती कधी मिळणार?